एकट्याचा बांध टिकत नाही : खारजमिनी, शेतकरी आणि पाखरं



पत्रिकेत आजचा विषय 'शेतजमीन, संवर्धनक्षेत्रं आणि जैवविविधता' असा छापला आहे. शब्द जड आहेत, पण प्रश्न साधा आहे. शेतीच्या जमिनीवर पाखरं, मासे, बेडूक, खेकडे टिकवायचे तर एकेका शेतकऱ्याने आपापल्या तुकड्यात काहीतरी केलं म्हणजे पुरतं का? की या तुकड्यांचा एकमेकांशी ताळमेळ लागतो? आणि लागत असेल, तर तो कोण ठेवणार?

युरोपात यावर गेली चाळीस-पन्नास वर्षं वाद चालू आहे. तिकडे जाऊच आपण, पण शेवटाकडे. कारण या प्रश्नाचा एक मोठा, भांडणांनी भरलेला इतिहास आपल्या पायाखाली आहे. अगदी शब्दशः पायाखाली, भरावाच्या मातीच्या खाली.

तुमच्यापैकी बरेच जण सेक्टरांच्या आकड्यांनी खारघर ओळखता. थोडं मागे जाऊ. कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे, पेठ ही इथली मूळ गावं. एका बाजूला डोंगर, पांडवकडा, वरती आदिवासी पाडे. दुसऱ्या बाजूला तळोज्याची खाडी, पुढे पनवेलची खाडी आणि मग ठाणे खाडीचं तोंड. डोंगराच्या अंगाला गोड्या पाण्याची भातशेती आणि खाडीच्या अंगाला खारजमीन. भरतीचं पाणी जिथपर्यंत चढू शकतं, ती जमीन बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली. ठाण्यापासून उरण, पनवेल, पेण, अलिबागपर्यंत हा पट्टा पसरलेला होता. पेण-अलिबागकडे अजून आहे.

खारजमीन चालते कशी, हे आधी नीट समजून घेऊ. त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

आपल्याकडे उधाणाला समुद्राचं पाणी ओहोटीच्या पातळीपासून चार-पाच मीटर चढतं. ते अडवायला खाडीच्या काठाने मातीचा मोठा बांध. याला बाहेरकाठा म्हणतात. आत शेतांचे छोटे बांध. बाहेरकाठ्यात जागोजागी दार ठेवलेलं असतं, त्याला म्हणायचं उघाडी. लाकडी झडप, वरून टांगलेली. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. यंत्र नाही, इंधन नाही. चंद्र तेवढा लागतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पहिले मोठे पाऊस जमिनीतलं मीठ विरघळवतात आणि ते खारट पाणी ओहोटीबरोबर उघाडीतून निघून जातं. दोन-तीनदा अशी जमीन धुतली गेली की मग पेरणी. तीही निराळी. जमीन इतकी मऊ आणि चिकट की बरेच ठिकाणी नांगर घालायचाच नाही. बी भिजवून, मोड आणून सरळ चिखलात फेकायचं. याला रहू म्हणतात. भातही मीठ सोसणारा लागतो. राता, भुरा राता, काळा राता हे इथले जुने वाण, लालसर तांदळाचे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे याच प्रश्नावर काम करून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे वाण दिले. खारघरपासून काही मैलांवरची गोष्ट आहे ही. आपल्या शहराच्या नावाने भाताचे वाण आहेत हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

आता मुख्य मुद्दा. समजा बाहेरकाठ्याला एके ठिकाणी खेकड्याने बीळ केलं. बीळ मोठं झालं, उधाणात पाणी शिरलं आणि बांधाला खांड पडली. नुकसान कुणाचं? ज्याचं शेत खांडीपाशी आहे त्याचंच फक्त? नाही. आतली सगळी शेतं बुडतात. एकदा खारं पाणी बसलं की ती जमीन पुढची दोन-तीन वर्षं पीक देत नाही. कोरडवाहू देशावर एखाद्याने आपला बांध नीट राखला नाही तर त्याची माती वाहून जाते, शेजारी शिव्या घालतो आणि विषय संपतो. खारजमिनीत तसं नाही. इथे एकट्याचा बांध टिकतच नाही. म्हणजे या शेतीत सहकार हा सद्गुण वगैरे नव्हता, तो पाण्याचा हुकूम होता.

हा हुकूम कुणी कसा पाळला? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आंग्र्यांच्या अमदानीत, अलिबागकडे मोठ्या प्रमाणावर खाजणं बांधली गेली. पैसा आणि वजन असलेल्या माणसांनी बाहेरचे मोठे बांध घालायचे आणि त्याबदल्यात सवलती घ्यायच्या, असा व्यवहार. अशा जमिनींना शिलोत्री म्हणत आणि बांधाची जबाबदारी घेणाऱ्यांना शिलोत्रदार. कुलाबा जिल्ह्याचं १८८३चं गॅझेटिअर वाचलंत तर त्यात याची नोंद सापडेल: बाहेरचा बांध राखण्याच्या बदल्यात शिलोत्रदार कसणाऱ्यांकडून दर बिघ्यामागे मणभर भात घेत असे. शिलोत्री मण. आतले बांध मात्र कसणाऱ्याने स्वतः राखायचे. (पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात धरलं जाई, म्हणून इकडचं काही शोधायचं असेल तर ठाण्याचे खंडही उघडावे लागतात.)

गॅझेटिअर हेही सांगतं की काही शिलोत्रदार मण वसूल करत आणि बांधाकडे बघत नसत. वाचून आश्चर्य वाटायला नको.

दुसरी पद्धत गावाची. अलिबागच्या खारेपाटात तिला जोळ म्हणतात. ठरल्या दिवशी घरटी माणूस बांधावर हजर. खांड पडली तर हाक घालायची आणि मध्यरात्र असली तरी जायचं, कारण पुढच्या भरतीच्या आत खांड बुजली नाही तर दुपटीने रुंदावते. सहा तासांची मुदत असते. कमिटी नेमून, अहवाल मागवून हे काम होत नाही.

मी याचं गोड चित्र रंगवायला इथे उभी नाही. ज्या खारेपाटात जोळ होती त्याच खारेपाटात खोत आणि सावकारही होते. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाचा संप आठवा. १९३३ ते १९३९, सहा वर्षं कुळांनी जमीन कसायचं नाकारलं. नारायण नागू पाटील त्या लढ्याचे नेते. शेतं पडीक राहिली, लोकांनी लाकडं विकली, उपाशी राहिले, पण हटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. एकत्र बांध राखणारी माणसं एकत्र संपही करू शकतात, हे मला त्यातलं विशेष वाटतं. हा माझा तर्क आहे, पण ज्या समाजाला उधाणाच्या वेळी एका हाकेवर जमायची सवय आहे त्याला सहा वर्षं एकजूट टिकवणं थोडं सोपं गेलं असावं.

या सगळ्यात पाखरं कुठे आहेत, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. खरं सांगायचं तर कुणाच्याच डोक्यात नव्हती. शिलोत्रदाराने बगळ्यांसाठी बांध घातला नाही आणि जोळीला गेलेल्या माणसाने टिटवीसाठी माती टाकली नाही. पण या व्यवस्थेतून जे भूदृश्य तयार झालं ते पाखरांच्या फार सोयीचं निघालं. पावसाळ्यात गोडं पाणी, बेडूक, चिंबोऱ्या, छोटे मासे. कापणीनंतर ओलसर मोकळी शेतं, सांडलेलं धान्य, किडे. उघाडीच्या आत साठणारं उथळ पाणी, त्याच्या कडेला शेकाट्या, तुतारी, चिखल्या. बांधाबाहेर तिवरं, त्यांच्या पुढे चिखलाची सपाटी, तिथे निवट्या आणि त्यांना टिपणारे बगळे. अलिबागच्या शहापूरकडे लोकांनी घराशेजारी तळी राखली आणि त्यांत जिताडा वाढवला. गोडं, मचूळ आणि खारं पाणी, ओलं आणि सुकं, उंच गवत आणि मोकळा चिखल, हे सगळं चालत जाता येईल इतक्या अंतरात. आणि ते वर्षभर ठरलेल्या लयीत बदलत राहणार.

यातलं महत्त्व कशाला आहे, ते एका पाखराच्या उदाहरणाने सांगते. डॉ. सालिम अली १९३०च्या सुमाराला अलिबागजवळ किहीमला राहून सुगरणीचा अभ्यास करत होते. या पक्ष्याचं घरसंसाराचं गणित त्यांनी तिथे उलगडलं. नर अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन पसंत करते, मग तो ते पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो. (हसू नका, शास्त्र आहे.) पण आपल्या विषयासाठी मी वेगळंच बघते. सुगरणीला काय काय लागतं? घरटं टांगायला विहिरीवर झुकलेलं झाड किंवा शिंदी-माडाचं झावळं. विणायला भाताच्या आणि गवताच्या पात्यांच्या पट्ट्या. स्वतःला खायला धान्य आणि गवताचं बी. पिल्लांना भरवायला किडे. आता झाड एकाच्या विहिरीवर, पाती दुसऱ्याच्या शेतातली, बी तिसऱ्याच्या बांधावरचं. एकाने फार प्रेमाने झाड राखलं आणि बाकीच्या दोघांनी जमीन विकून भराव टाकला, तर झाडावर घरटी होणार नाहीत. सातबारा माणसाचा असतो. सुगरणीचा उतारा तीन गटनंबरांत पसरलेला असतो.

संवर्धनाचा ताळमेळ म्हणतात तो हाच. खारपट्टीत तो पाखरांसाठी नव्हे, भातासाठी ठेवला गेला. पण ठेवला गेला.

तो मोडला कसा?

१९४८ साली मुंबई राज्यात दोन कायदे झाले. एक सगळ्यांना माहीत आहे, कुळकायदा. त्याचंच पुढे १ एप्रिल १९५७ला 'कसेल त्याची जमीन' झालं. दुसरा फारसा कुणाला ठाऊक नाही: मुंबई खारजमीन कायदा, ज्याने खारजमीन विकास मंडळ स्थापन केलं. हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. पहिल्याने जमीन कुळाची केली, आणि ते न्याय्यच होतं. चरीचा संप त्यासाठीच तर झाला. पण मोठ्या बांधाची जबाबदारी जमीनदाराच्या गळ्यात होती, ती आता कुणाची? दीड-दोन एकरांच्या नव्या मालकाला मैलभर बाहेरकाठा परवडणार नव्हता. म्हणून दुसरा कायदा आला: सरकार योजना करील, मालकांनी खर्चाचा वाटा द्यावा. पुढे १९७९चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला आणि बांध घालण्याचा, राखण्याचा भार मुख्यतः सरकारकडे गेला.

हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. गरीब शेतकऱ्याच्या डोक्यावरचा बोजा उतरला. पण त्याबरोबर एक गोष्ट निसटली. आधी खांड दिसली की हाक घालायची आणि माती टाकायची. आता खांड दिसली की अर्ज करायचा. अर्जाला अंदाजपत्रक, अंदाजपत्रकाला मंजुरी, मंजुरीला निधी. समुद्राला यातलं काही कळत नाही. पेण-अलिबागकडच्या कुठल्याही वर्षाच्या वर्तमानपत्रांत उधाणाच्या दिवसांतल्या बातम्या काढून बघा: बांध फुटला, शेतात खारं पाणी, खारभूमी विभागाकडे मागणी.

गोव्यात जवळजवळ हाच इतिहास वेगळ्या नावांनी घडला. तिथे या जमिनींना खाजन म्हणतात, उघाडीला मानस. गावकरी, म्हणजे पोर्तुगीज कागदांतली कोमुनिदाद, ही संस्था बांध राखत असे. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशातून बांधांची डागडुजी. फार हुशार व्यवस्था होती ती. मासा बांधाचा खर्च काढत होता. १९६४ला तिथे कुळकायदा आला, जमीन कुळांकडे गेली, गावकरीचा हात सुटला, कुळांच्या संघटनांवर काम आलं. भात परवडेनासा झाला, मासा परवडू लागला. मग मानस उघडी ठेवून भरतीचं पाणी आत घेण्यात काहींचा फायदा झाला आणि शेतं खारावली. जमीन कसणाऱ्याला देणं बरोबरच होतं, पण बांध सगळ्यांचा ठेवण्यासाठी जी संस्था लागते ती कायद्याने आपोआप जन्माला येत नाही. कोकणात आणि गोव्यात, दोन्हीकडे, हाच धडा दोनदा गिरवला गेला.

आता परत इकडे येऊ. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरवली गेली, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. मोबदल्याचा लढा, दि. बा. पाटील, १६ आणि १७ जानेवारी १९८४चा गोळीबार, पाच हुतात्मे आणि त्यातून पुढे आलेली साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना, हा इतिहास या सभागृहातल्या अनेकांच्या घरातला आहे. तो मी नव्याने सांगायची गरज नाही.

त्याच्या कडेला राहिलेली एक गोष्ट सांगते. समुद्रसपाटीच्या इतक्या जवळ, खारजमिनीवर शहर बांधायचं तर पावसाचं पाणी भरतीच्या वेळी जाणार कुठे? सिडकोने नेदरलँड्सच्या धर्तीवर उत्तर काढलं: धारण तलाव. शहराच्या खाडीकडच्या कडेला मोठी उथळ तळी, बाहेर बांध, आणि बांधात एकाच दिशेने उघडणारी झडप. भरतीला झडप मिटते, पाणी तलावात साठतं. ओहोटीला झडप उघडते, पाणी खाडीत जातं.

ओळखलंत ना? ती उघाडीच आहे. आगरी-कोळी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली व्यवस्था लोखंडी झडप आणि परदेशी नाव घेऊन परत आली. फरक एकच: उघाडीपाशी ज्याची शेतं होती तोच ती राखत होता. तलावाच्या झडपेपाशी राहणाऱ्या आपल्यातल्या कुणालाही ती कधी उघडते, कधी मिटते याचा पत्ता नसतो.

आणि पाखरांना ही तळी सापडली. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हा आता नवी मुंबईचा जणू अधिकृत पक्षी झाला आहे, भिंतींवर, चौकांत, सगळीकडे. त्याचा दिवस कसा जातो? ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलावर चरतो. भरतीला तो चिखल बुडतो. मग सहा तास उभं राहायला उथळ पाण्याची जागा लागते: जुनी मिठागरं, धारण तलाव, पडीक खारशेतं. म्हणजे त्याच्या एका दिवसात दोन जागा. आपण काय केलं? ६ ऑगस्ट २०१५ला १,६९० हेक्टरचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं. २०२२ला ठाणे खाडी रामसर यादीत गेली. उत्तम झालं. पण ही पहिली जागा झाली. दुसरी जागा बाहेरच राहिली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भांडुप, नेरूळ-सीवूड्सची दोन तळी आणि उरणकडची पाणजे, भेंडखळ, बेलपाडा ही ठिकाणं अभयारण्याच्या जोडीने, एकत्र सांभाळावीत असं सुचवलं. (हा बेलपाडा उरणचा, आपला नव्हे.) त्यासाठी शब्द वापरला गेला 'उपग्रह पाणथळी'. मुख्य ग्रह एका खात्याकडे आणि उपग्रह दुसऱ्यांच्या नकाशात विकासासाठी राखलेले, अशी ती सूर्यमाला आहे.

२०२४च्या उन्हाळ्यात नेरूळच्या तळ्यापाशी रोहित मरून पडले तेव्हा चर्चा दिव्यांची झाली, फलकांची झाली. पण तळ्याकडे येणारं भरतीचं पाणी अडलं होतं, ही त्यातली जुनी, खारेपाटातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला क्षणात कळली असती अशी गोष्ट होती. उघाडी तुंबली होती, इतकंच.

कायद्याच्या बाजूनेही एक गंमत आहे. रामसर करारात भातशेती ही पाणथळ जमीन मानली जाते. भातखाचरांतल्या जैवविविधतेवर २००८च्या परिषदेत त्यांनी स्वतंत्र ठरावच केला. आपल्या २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत मात्र भातशेती वगळली आहे. मिठागरंही वगळली आहेत. म्हणजे खाडीला संरक्षण आहे, खारशेताला नाही. आणि पाखरू तर दोन्हीकडे राहतं.

यातून सगळ्यात कोंडी झाली ती पेण, अलिबाग, उरणच्या शेतकऱ्याची. बांध फुटला. दुरुस्ती झाली नाही. आत खारं पाणी खेळायला लागलं. पाच-सात वर्षांत शेतात तिवरं उगवली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८च्या निकालात ती आणखी पक्की केली. निर्णय योग्यच, तो नसता तर आपल्या खाडीकाठी आज काही उरलं नसतं. पण त्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे, जमिनीवर जंगल आहे आणि बांध दुरुस्त करायला गेला तर तो गुन्हेगार ठरण्याची भीती आहे. तो शेवटी काय करणार? येईल त्या भावाला विकणार. आणि घेणारा काही भातासाठी घेत नाही, पाखरांसाठी तर नाहीच. पर्यावरणवाद्यांच्या एका गटाला तिवरं हवीत, दुसऱ्याला मोकळा चिखल आणि उथळ पाणी हवं, शेतकऱ्याला भात हवा. तिन्ही मागण्या खऱ्या आहेत. आणि बांध योग्य जागी, उघाडी योग्य वेळी असेल तर तिन्ही गोष्टी एका पट्ट्यात बसत होत्या, याचा पुरावा दोनशे वर्षांचा आहे. आज बांध खारभूमी विभागाकडे, तिवरं वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे, धारण तलाव सिडकोकडे, सातबारा महसूलकडे. चौघे एका टेबलाशी बसून उघाडीचं वेळापत्रक ठरवतील अशी व्यवस्था कागदावरसुद्धा नाही.

आता नेदरलँड्स, म्हटल्याप्रमाणे. तेही समुद्राकडून मागून घेतलेल्या जमिनीवर राहतात आणि तेराव्या शतकापासून त्यांच्याकडे पाणी सांभाळणाऱ्या स्थानिक मंडळांची परंपरा आहे. त्यांचा लाडका पक्षी म्हणजे काळ्या शेपटीचा मळगुजा. तो आपल्या ठाणे खाडीतही हिवाळ्यात येतो. अर्थात आपल्याकडचे थवे आशियातून येतात, त्यांचे आफ्रिकेकडे जातात. मळगुजा तिथे गवताच्या कुरणात घरटं करतो. कित्येक वर्षं डच सरकार एकेका शेतकऱ्याशी करार करत आलं: तू गवत उशिरा काप, आम्ही भरपाई देऊ. पैसा खूप गेला. २००१ला 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला आणि खळबळ उडाली, कारण करार असलेल्या आणि नसलेल्या शेतांत पाखरांच्या दृष्टीने म्हणावा असा फरक दिसेना. कारणं अनेक होती, पण एक आपल्या ओळखीचं आहे. एकाचं शेत उशिरा कापलं, शेजारच्याने आधी कापलं आणि पलीकडच्याने पाण्याची पातळी खाली नेली, तर पिल्लाने अंडं फोडून बाहेर आल्यावर जायचं कुठे? २०१६पासून त्यांनी पद्धतच बदलली. एकेकट्याशी करार बंद. शेतकऱ्यांचे सुमारे चाळीस समूह केले, पैसा समूहाला, आणि कुठल्या शेतात पाणी ठेवायचं, कुठलं आधी कापायचं, कुठलं उशिरा, हे समूहाने मिळून ठरवायचं. त्याने मळगुजाची घट थांबली, असं मात्र म्हणता येणार नाही.

म्हणजे डचांनी एकविसाव्या शतकात जे शोधून काढलं ते जोळीच्या फार जवळचं आहे. आपल्याकडे ते होतं आणि आपण ते मोडीत काढलं. वर त्यांच्याकडून झडप तेवढी आणली आणि समूह तिथेच ठेवला.

आता करता काय येईल, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, अभियंता नाही. तरी दोन गोष्टी सांगते. वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीने 'समुदाय राखीव' आणि 'संवर्धन राखीव' अशा दोन तरतुदी आल्या. समुदाय राखीवमध्ये मालकी लोकांचीच राहते, कारभारात त्यांची समिती असते. खारजमिनीसाठी ही चौकट ताणून बघण्यासारखी आहे. पण त्यात घोषणेनंतर जमिनीच्या वापरावर बंधनं येतात, आणि इथल्या माणसाने १९७०पासून अधिसूचना या शब्दाचा जो अनुभव घेतला आहे, त्यानंतर तो दुसऱ्या अधिसूचनेवर सहज सही करेल असं मला वाटत नाही. करू नये, असंही काही जण म्हणतील. त्यांना मी दोष देणार नाही.

दुसरी गोष्ट छोटी आहे. जिथे अजून खारशेती आहे तिथे बांधाच्या दुरुस्तीचा पैसा पुन्हा बांधाखालच्या शेतकऱ्यांच्या समूहाकडे द्यायचा, ठेकेदाराकडे नाही. आणि त्या समूहाने भातासाठी उघाडी जशी चालवायची तशीच कापणीनंतर काही आठवडे थोडं उथळ पाणी ठेवण्यासाठीही चालवायची, त्याचा वेगळा मोबदला घेऊन. गोव्यात मासा बांधाचा खर्च काढत होता. इथे पाखरू का काढू नये? पण यासाठी उघाडी चालवता येणारी माणसं हवीत. कुठल्या तिथीला पाणी किती चढतं, खेकड्याचं बीळ कुठे धोक्याचं, झडपेत गाळ किती चालतो, हे कुठल्याही पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. हे ज्यांना येतं त्यांची वयं आज सत्तर-पंच्याहत्तरच्या पुढे आहेत. कोपऱ्यात, बेलपाड्यात, ओव्यात अशी माणसं अजून असतील. तुमच्यातल्या तरुण मंडळींपैकी कुणाला मोबाईलवर काही ध्वनिमुद्रित करायचंच असेल तर आजचं हे व्याख्यान सोडा आणि त्यांच्याकडे जा. विचारा, खांड बुजवायला पहिली टोपली कुठे टाकायची: मधोमध की कडेला?

इथे थांबते. प्रश्न असतील तर घेऊ.